मधली खुर्ची

दादा गिटार वाजवायचा ती मांडीवर आडवी ठेवून, डाव्या हातातली पोलादी पट्टी तारांवरून सरकवत. त्या काळी जळगावात गिटार म्हटली की हीच. उभी धरून वाजवायची गिटार आम्ही फक्त पोस्टरवर पाहिली होती. पुढे त्याने जुन्या टेलिफोनमधली एक चकती कुठून तरी मिळवली, ती गिटारच्या पोटाला चिकटवली आणि तिची वायर नानांच्या रेडिओच्या पाठीत खुपसली. तेव्हापासून ज्या रेडिओतून बातम्या यायच्या त्याच रेडिओतून दादा यायचा. नाना, म्हणजे आमचे वडील, शाळेत इतिहास शिकवत आणि सातच्या बातम्या चुकवत नसत. बातम्या संपायच्या आत दादा वायर हातात घेऊन दारात उभा. नाना म्हणत, "हवामान तरी ऐकू दे रे. मग घाल तुझा गोंधळ." दादा हवामान संपेपर्यंत थांबे, पण एका पायावरून दुसऱ्या पायावर. तो कधीच नुसता उभा राहिलेला मला आठवत नाही. त्याचं काही ना काही हलत असे. पाय नाही तर बोटं, बोटं नाही तर ओठ.

घराच्या मागे डाळीची गिरणी होती. सकाळी चाळण्या सुरू झाल्या की आमच्या मांडणीवरची पितळी भांडी एकमेकांना लागून बारीक किणकिणत राहत, ती थेट संध्याकाळपर्यंत. तुरीच्या सालांचा पिवळसर भुसा खिडकीतून येई, आईच्या अंबाड्यावर बसे, कळण्याच्या भाकरीवर बसे, माझ्या पुस्तकांच्या पानांत बसे. पाहुणे म्हणत, तुम्ही या खडखडाटात राहता कसे? आम्हाला तो ऐकूच येत नसे. आम्हाला ऐकू येई ती गिरणी बंद असल्याची शांतता. सुटीच्या दिवशी आई उगीच डबे उघडून पुन्हा लावी, नाना वर्तमानपत्र दोनदा वाचत आणि दादा मेहरूणच्या तळ्यापर्यंत सायकल हाणून घामाघूम होऊन परत येई. त्याची गिटार गिरणीच्या सुरात लावलेली असे. दुसऱ्या कुठल्या सुराशी तिचं जमतच नाही, असं तो गंभीरपणे सांगायचा.

दादा गेला त्याला आता वर्ष होत आलं. म्हाताऱ्या माणसासारखा गेला, दुपारच्या झोपेत. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. पण चार माणसं भेटायला आली की ती त्याच्या शिकवण्याबद्दल बोलतात, त्याच्या शांत स्वभावाबद्दल बोलतात, आणि मी मान डोलावते. शांत! मला तो शांत नसलेला आठवतो. ते कुणीतरी लिहून ठेवायला हवं, आणि आता ते माहीत असणारी माणसं फार उरली नाहीत, म्हणून मी रोज थोडं थोडं लिहिते. हात पूर्वीसारखा चालत नाही.

तो बी.एस्सी. झाला आणि नशिराबादच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागला, त्या वर्षी पोळ्याच्या सुमारास त्याची झोप गेली. आधी आम्हाला वाटलं, तो ज्या ऑर्केस्ट्रात वाजवायचा त्याच्या तालमी असतील. मग तो सांगू लागला की गिरणी बंद झाल्यावरही एक सूर चालूच राहतो, तो जरा खाली आहे, त्याला वर चढवता येत नाही. तो दिवसभर गिटारच्या खुंट्या पिळत बसे. एक दिवस त्याने गिटार खाली ठेवली आणि बोलणं बंद केलं. रागाने नव्हे. नळाचं पाणी जातं तसं. मागच्या अंगणात धुण्याच्या दगडावर भिंतीकडे तोंड करून तो बसे, आणि डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर फिरत राहत, इतकी हळू की नीट पाहिल्याशिवाय कळत नसे. आई त्याला भरवायची. शेजारच्या मावशी लिंबं उतरवून गेल्या. नाना त्याला घेऊन पुण्याला गेले आणि तिथल्या एका दवाखान्यात ठेवून आले.

मुख्याध्यापकांना काय सांगायचं, म्हणून नाना म्हणाले, कावीळ. परीक्षेत सनावळी चुकली तर अर्धा गुण कापणारे माझे वडील. ते हा शब्द एकदा बोलले आणि मग तो आमच्या घरातच राहायला आला. कावीळ म्हटल्यावर गल्लीतून उसाचा रस येऊ लागला. दादा पुण्याहून परतला तेव्हा असोद्याच्या एका जाणत्याकडून कुणीतरी काविळीची माळ आणली. मुळ्यांचे तुकडे ओवलेली ती माळ डोक्यावर ठेवायची, आजार उतरेल तशी ती लांब होत गळ्यात येते म्हणतात. दादा ती डोक्यावर घेऊन ओट्यावर बसला. बोलायला लागला होता, पण कमी. मला म्हणाला, "कुमुद, ही लांब झाली नाही तर नानांची पंचाईत व्हायची." किती दिवसांनी तो असं बोलला होता! मी आत जाऊन रडले आणि आईने मला भाकरीचं पीठ मळायला बसवलं.

गिटार माळ्यावर गेली. शाळा परत सुरू झाली. आणि वर्षाच्या आत नानांनी धुळ्याचं स्थळ पक्कं केलं. मुलीचे वडील कापसाचे अडते, सगळं धुळं त्यांना आबा म्हणे. मुलगी सिंधू, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. सुपारी फोडायला ते जळगावला आले तेव्हा शेजारच्या कुणी तरी काविळीचा विषय काढलाच. आबा हसून अहिराणीत म्हणाले, "कावीळ कोनले व्हत नही?" नाना त्यांच्याकडे न बघता पानाला चुना लावत राहिले. दादा त्या रात्री म्हणाला, "नाना, त्यांना सांगायला पाहिजे." नाना म्हणाले, "लग्नानंतर सगळं आपोआप कळतं." पुण्याच्या डॉक्टरांनी मात्र स्पष्ट सांगितलं होतं की हे पुन्हा येऊ शकतं. तेव्हापासून दादाची बोटं पुन्हा हलू लागली आणि माझं लक्ष पुस्तकात लागेनासं झालं.

आमच्याकडे सुपारी फुटल्यावर जावयाला सासरी एकदा जेवायला बोलावतात, आणि त्याच्याबरोबर त्याची बहीण जाते. मुलगा मुलीशी बोलत नाही. बोलायचं असेल तर बहिणीशी बोलतो आणि बहीण मुलीला सांगते. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि सगळे ते न दिसल्यासारखं करतात. तर मी आणि दादा एका रविवारी पहाटेच्या एसटीने धुळ्याला निघालो. निघताना नानांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तू फार बोलू नकोस." मी तशीही फार बोलत नव्हते.

आबांनी बेत ठरवून ठेवला होता. आधी सिनेमा, मग जेवण. धुळ्यात रविवारी सकाळच्या खेळाला इंग्रजी सिनेमे लागत. ते कॉलेजची मुलं बघत, आणि काय बघायला जात ते सगळ्यांना माहीत होतं, फक्त आबांना नव्हतं. आबांच्या डोक्यात हिशेब सरळ होता. ते ओट्यावरूनच आम्हाला ऐकू येईल असं शेजाऱ्याला सांगत होते, "जावाई बी.एस्सी. शे भो! त्यासले काय देवना पिच्चर दखाडतस? इंग्रजीज पाहिजे!" त्यांनी बाल्कनीतली एक अख्खी ओळ धरली होती. ओळीच्या टोकाला आबा, मग त्यांची थोरली बहीण अक्का, मग सिंधू, मग मी, मग दादा. अक्कांच्या ओच्यात फुटाणे. सिंधूने मोरपंखी साडी नेसली होती आणि ती सारखी पदर नीट करत होती. माझ्या एका बाजूला तिचा पदर आणि दुसऱ्या बाजूला दादाचा गुडघा, दोन्ही हलत होते आणि मध्ये मी हलायची नाही असं ठरवून बसले होते.

बाहेरच्या पोस्टरवर लांब केसांचा एक गिटारवाला होता आणि त्याच्या डोक्यातून झाडासारख्या वायरी वर गेल्या होत्या. दादाने ते पाहिलं तेव्हा मला वाटलं तो मागे फिरेल. तो फिरला नाही. आबा तिकिटं हातात घेऊन अभिमानाने वाट पाहत होते, तिथून फिरायचं कसं?

त्या सिनेमाची गोष्ट मला आजही सांगता येणार नाही. तो गिटारवाला मोठा प्रसिद्ध होता आणि एका हॉटेलच्या खोलीत राहायचा. भिंतीच्या कागदावर वेलबुट्टी होती, तो वाजवू लागला की ती वाढू लागे, पानं पलंगावर येत, टेलिफोनवर येत. त्याच्या गिटारची एक तार खिडकीतून बाहेर गेली, गावभर पसरली, आणि बायका तिच्यावर धुणं वाळत घालू लागल्या. त्याने सभागृहात पाहिलं तर समोर बसलेल्या हजारो माणसांना त्याचंच तोंड होतं. संगीत इतकं मोठं की बाल्कनीचा लाकडी कठडा थरथरे. खाली मुलं पहिल्यांदा शिट्ट्या मारत होती, मग "रीळ उलटं लावलं का रे!" म्हणून ओरडली, मग कंटाळून एकमेकांवर शेंगांची टरफलं फेकू लागली. माझ्या मुलीने मध्यंतरी तो सिनेमा फोनवर शोधून दिला, बघतेस का म्हणाली. मी नको म्हटलं. माझ्या आठवणीत आहे तेवढा मला पुरे आहे.

अक्कांना मात्र प्रत्येक गोष्ट कळायला हवी होती. "हाऊ कोन शे?" त्यांनी सिंधूला विचारलं. सिंधूने मला विचारलं, "हे कोण?" मी दादाला विचारलं. दादा म्हणाला, "त्याचा मॅनेजर." मी सिंधूला सांगितलं, सिंधूने अक्कांना, अक्कांनी आबांना, आणि ओळीच्या टोकावरून आबांचा समाधानी हुंकार ऐकू आला. जावयाला सगळं समजतं. असे प्रश्न येत राहिले आणि उत्तरं जात राहिली. ही बाई कोण, ती पाण्यात का बसली, हा मेला का. दादा थोडक्यात सांगे. मला वाटतं त्याला बरं वाटत होतं. त्याचा आवाज मोकळा होत होता.

मग पडद्यावर तो गिटारवाला एका खुर्चीवर बसला आणि बसूनच राहिला. संगीत थांबलं. माणसं येत होती, त्याच्याभोवती माईक आणून ठेवत होती, देवापुढे उदबत्त्या लावाव्यात तसे, आणि वाट बघत होती. तो बोलत नव्हता. फक्त खुर्चीच्या हातावर त्याच्या डाव्या हाताची बोटं हळूहळू फिरत होती. मी दादाकडे बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती, त्याचा गुडघा थांबला होता.

"याले बाहेरनं लागेल शे," अक्का म्हणाल्या, म्हणजे भुताखेताची बाधा. "इचार बरं, हाऊ बोलत का बरं नही?"

सिंधू माझ्याकडे वाकली. "अक्का विचारतात, हा बोलत का नाही?"

मी दादाला विचारलं. तो माझ्याकडे जरा वाकला. मग म्हणाला, "आत एक सूर चालू असतो. तो जरासा खाली असतो. तो बरोबर लागेपर्यंत दुसरं काही करता येत नाही. माणसं दिसतात, आई घास घेऊन बसलेली दिसते, तिला बरं वाटावं म्हणून तोंड उघडावंसं वाटतं. पण तेवढंही जमत नाही."

मी हे जसंच्या तसं सिंधूला सांगितलं. मला थांबायला हवं होतं, पण प्रश्न आणि उत्तरं नेऊन नेऊन जिभेला सवय लागली होती. सिंधूने अक्कांना काही सांगितलं नाही. ती पडद्याकडे बघत राहिली, मग अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "यात आई कुठे आहे?"

खरंच, पडद्यावर आई नव्हती. नुसते माईक होते.

"काय म्हणते?" दादाने विचारलं.

"विचारतेय, यात आई कुठे आहे."

दादा म्हणाला, "तिला सांग, मला कावीळ झाली नव्हती."

सुपारी फुटली होती. नानांनी शब्द दिला होता. हे एक वाक्य माझ्यापासून एक खुर्ची पुढे गेलं की लग्न मोडणार होतं, आणि लग्न मोडलं की जळगावात सगळे कारण विचारणार होते. मी कुजबुजले, "दादा, आत्ता नको." तो म्हणाला, "तू सांगतेस की मी उठून सांगू?" त्याचा आवाज थरथरत होता, पण तो त्याचाच आवाज होता. मी सिंधूकडे वळले आणि सांगितलं. कावीळ नव्हती. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत तो बोलला नव्हता. पुण्याला ठेवलं होतं.

"काय म्हनतस जावाई?" अक्का पलीकडून विचारत होत्या. "सांग ना वं!"

तेवढ्यात मध्यंतर झालं आणि सगळे दिवे लागले. इतका उजेड मी कधी पाहिला नव्हता. आबा उठून उभे राहिले, गोळीच्या सोड्याच्या बाटल्या मागवल्या, ओळीवर एकेक पुढे सरकवली. सिंधूने तिच्याकडे आलेली बाटली माझ्याकडे दिली, मी दादाला दिली. अक्कांनी तिला कोपराने ढोसलं तेव्हा ती म्हणाली, "नंतर सांगस, अक्का."

पुढचा अर्धा सिनेमा अक्का अधूनमधून काहीबाही विचारत राहिल्या, पण त्यांचा एकही प्रश्न सिंधूच्या पुढे आला नाही. मी पडद्याकडे बघत होते आणि काही दिसत नव्हतं. एकदाच, केव्हा तरी, सिंधूने माझ्या कानाशी येऊन विचारलं, "परत होईल का?" मी दादाला विचारलं. तो म्हणाला, "माहीत नाही म्हणावं. होऊ शकतं." मी तसं सांगितलं. तिने मान हलवली. मान हलवण्याचा अर्थ मला लागला नाही, आणि दादा मला सारखा विचारत होता, "काय म्हणाली? काही म्हणाली का?"

बाहेर आल्यावर आबा म्हणाले, "माले त काहीज समजनं नही. पन भारी व्हता!"

घरी मांडे होते. खापरावरचे, शेजारच्या दोन बायका येऊन सकाळपासून करत होत्या, सगळं घर पुरणाच्या आणि धुराच्या वासाने भरलं होतं. पानावर आबा, दादा आणि मी. अक्का वाढत होत्या. आबांच्या मांड्यावर त्यांनी तुपाची धार धरली, माझ्यावर धरली, दादापाशी आल्या आणि थांबल्या. त्याच्या पानात कोरडा मांडा, मुळ्याचे काप, आणि शेजारी खास त्याच्यासाठी आणलेला उसाच्या रसाचा पेला. "जावाईसले तूप नही. काविळमा वरीसभर तूप चालत नही," असं म्हणून त्या वळल्या. दादाने पानाकडे पाहिलं आणि पेला उचलला.

सिंधू आतून आली. लग्नाआधी मुलगी जावयाच्या पंगतीत वाढायला येत नाही. तिने अक्कांच्या हातातून तुपाचं भांडं घेतलं आणि दादाच्या मांड्यावर रिकामं केलं.

"अवं, काविळना माणूस शे तो!"

"त्यासले कावीळ व्हयेल नव्हती," सिंधू म्हणाली. आणि आबांकडे वळून, भांडं हातात तसंच धरून, तिने सगळं सांगितलं. मी सांगितलं होतं तेवढंच, तशाच क्रमाने, एक शब्द इकडे-तिकडे न करता. शेवटी म्हणाली, "परत व्हई सकस, हाईबी त्यासनीच सांगं. माले त्यासनीच सांगं, आबा."

आबांनी दादाला विचारलं, "खरं शे का?"

"हो."

"नानासले ठाऊक?"

"हो."

आबा उठले. भरल्या पानावरून जावयासमोर उठले, हात धुतला नाही, बाहेर ओट्यावर जाऊन बसले. अक्का भिंतीला टेकून खाली बसल्या. दादाने मांड्याचा घास घेतला. मग दुसरा. तुपाने त्याची बोटं चकचकत होती आणि तो खाली मान घालून जेवत होता, उपाशी माणसासारखा. त्याने पान स्वच्छ केलं.

आम्ही स्टँडवर निघालो तेव्हा आबा टोपी घालून आमच्याबरोबर चालू लागले. "मी येस तुमना संगे," ते म्हणाले. "नानासले समोरासमोर इचारनं शे." एसटीत ते आमच्या पुढच्या बाकावर बसले, पाठ करून. मी नानांचं तोंड डोळ्यांसमोर आणत होते आणि दादा खिडकीची काच वर करत होता, खाली करत होता. आज वाटतं, त्या बसमध्ये आम्हा तिघांपैकी कुणाचंच अंग जागेवर नव्हतं. आबांची टोपीसुद्धा त्यांनी किती वेळा काढली आणि घातली.

पारोळ्याला गाडी थांबली. आबा उतरले, भजी घेऊन आले, कागद दादाच्या हातात दिला. त्यावरचं तेल बघून क्षणभर थांबले आणि म्हणाले, "चालस ना आते?" दादा म्हणाला, "चालतं." ते पुन्हा पुढे बसले. गाडी सुटली. एरंडोलच्या अलीकडे केव्हा तरी ते मागे वळले, एक हात बाकाच्या पाठीवर टाकून.

"रातले झोप लागस का तुम्हले?"

"आता लागते," दादा म्हणाला.

आबांनी मान हलवली. बाहेर कापसाची शेतं मागे जात होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दादाकडे, मग कंडक्टर ऐकत नाही ना ते पाहिलं.

"आम्हीबी एक गोट सांगेल नही," ते म्हणाले. "सिंधूले अंधारामा झोप येत नही. न्हानपनपासून. रातभर दिवा लागस तिले."